बाइट, वर्ण आणि अक्षर : अपलोड केलेल्या मराठी फाइलचे वाचन

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही तीन नावे मराठी वाचक एका दृष्टिक्षेपात वाचतो. 'ठाणे' दोन अक्षरी, 'कल्याण' तीन अक्षरी आणि 'डोंबिवली' चार अक्षरी, हे सांगण्यास त्याला व्याकरणाची मदत लागत नाही. संगणकाच्या ठायी मात्र ही नावे अंकांच्या रांगांच्या रूपाने वसतात. 'ठाणे' म्हणजे बारा अंक, 'कल्याण' म्हणजे अठरा आणि 'डोंबिवली' म्हणजे चोवीस. या प्रत्येक अंकास बाइट म्हणतात व त्याचे मूल्य ० ते २५५ यांच्या दरम्यान असते. वाचकाचे अक्षर आणि यंत्राचा बाइट यांमधील हे अंतर सामान्य व्यवहारात कोणास जाणवत नाही. परंतु एखाद्या संकेतस्थळाकडे फाइल धाडली जाते आणि तेथील कार्यक्रम ती बाइटामागून बाइट वाचू लागतो, तेव्हा हे अंतर उघडे पडते. त्या वेळी झालेल्या चुकीचा भुर्दंड बहुधा फाइल धाडणाऱ्याच्या नावाला किंवा पत्त्याला बसतो.

हा विषय या परिसराला दूरचा नाही. ठाणे महानगरपालिका १९८२ साली आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ साली अस्तित्वात आली. यांपैकी दुसरीने प्रस्तुत शतकाच्या आरंभीच आपला कारभार संगणकावर आणण्यात पुढाकार घेतला, आणि नागरी सुविधा केंद्राचा तिचा नमुना पुढे राज्यातील इतर नगरसंस्थांसाठी उपयोगी ठरला. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठीस राज्यकारभाराच्या भाषेचे स्थान दिले, आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमानंतर अर्ज व त्यासोबतची कागदपत्रे आंतरजालावरून स्वीकारण्याची प्रथा रूढ झाली. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे व ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. अशा जुन्या संस्थांच्या ग्रंथयाद्या व सभासदयाद्या संगणकावर आणावयाच्या म्हटले, तरी हाच प्रश्न पुढे येतो : फाइलमधील अंकांवरून मराठी शब्द अचूक कसा परत मिळवावा?

वर्णाचे बाइट

प्रथम लिपीची बाजू पाहू. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' या नावाने ओळखला जाणारा संकेत प्रमाण केला. त्यात इंग्रजीसाठी ० ते १२७ हे अंक राखून वरच्या अर्ध्या भागात भारतीय लिपींचे वर्ण बसविले होते. त्या संकेतानुसार 'ठाणे' चार बाइटांत मावे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतंत्र पट्टा मिळाला, आणि त्यातील वर्णांचा क्रम इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेला होता. युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णास एक क्रमांक असतो. त्यास संकेतबिंदू म्हणतात. हा क्रमांक फाइलमध्ये कसा लिहावा याच्या अनेक रीती आहेत. त्यांपैकी १९९२ साली केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनी सिद्ध केलेली यूटीएफ-८ ही रीत आज आंतरजालावर सर्वत्र रूढ आहे.

यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षरे, अंक व साधी विरामचिन्हे एकेका बाइटात लिहिली जातात. देवनागरीचा प्रत्येक संकेतबिंदू तीन बाइट घेतो. 'ठाणे' या नावाचे चार संकेतबिंदू आहेत : ठ, आकाराचा काना, ण आणि एकाराची मात्रा. त्यांचे बाइट अनुक्रमे २२४-१६४-१६०, २२४-१६४-१९०, २२४-१६४-१६३ आणि २२४-१६५-१३५ असे होतात. येथे एक व्यवस्था सहज दिसून येते. प्रत्येक त्रयीचा पहिला बाइट २२४ आहे, आणि पुढील दोन बाइट १२८ ते १९१ यांच्या दरम्यान आहेत. ही योजनाच तशी आहे. २२४ ते २३९ यांपैकी अंक आढळला की तीन बाइटांचा वर्ण सुरू झाला असे समजावे. १२८ ते १९१ यांपैकी अंक हा आधीच्या वर्णाचाच उर्वरित भाग असतो, त्यापासून नवा वर्ण कधीही सुरू होत नाही. म्हणून फाइलच्या मध्यावर कोठेही बोट ठेवले, तरी थोडे मागे सरकून वर्णाचा आरंभ शोधता येतो.

अक्षर, संकेतबिंदू आणि बाइट या तीन पायऱ्या येथे स्पष्टपणे वेगळ्या ठेवावयास हव्यात. 'कल्याण' या नावातील 'ल्या' हे मराठी माणसाच्या लेखी एक अक्षर आहे. युनिकोडच्या लेखी ते ल, हलन्तचिन्ह, य आणि काना असे चार संकेतबिंदू आहेत. फाइलमध्ये ते बारा बाइट होतात. निरनिराळ्या संगणकीय भाषा 'लांबी' या एकाच शब्दाने निरनिराळ्या गोष्टी मोजतात. पीएचपीचे मूळ लांबीमापन बाइट मोजते व 'कल्याण' अठरा लांबीचे सांगते. पायथनच्या चालू आवृत्त्या संकेतबिंदू मोजून सहा सांगतात. जावास्क्रिप्ट सोळा अंशांचे घटक मोजते व तेही सहाच सांगते. परंतु मोडी लिपीच्या बाबतीत ही एकवाक्यता टिकत नाही. युनिकोडमध्ये मोडीचा समावेश २०१४ साली झाला. तिचा प्रत्येक वर्ण यूटीएफ-८ मध्ये चार बाइट घेतो आणि जावास्क्रिप्टच्या हिशेबी दोन घटक होतो. वाचकाच्या मनातील 'तीन अक्षरे' हे उत्तर यांपैकी एकही मापन आपण होऊन देत नाही.

फाइल येते कशी

संकेतस्थळावरील अर्जासोबत फाइल जोडण्याची रीत १९९५ साली प्रथम लेखनिविष्ट झाली. न्याहाळक अर्जातील सर्व मजकूर व फाइल एकाच टपालात बांधतो, आणि भागांच्या मध्ये सीमादर्शक ओळ घालतो. पलीकडील कार्यक्रमाने ही सीमा शोधून प्रत्येक भाग सुटा करावयाचा असतो. हे काम करताना फाइलचा भाग मजकूर म्हणून न वाचता केवळ बाइटांची रांग म्हणून वाचावा, हा पहिला नियम होय. छायाचित्र किंवा पीडीएफ जर मजकूर समजून वाचले, तर त्यातील जे बाइट यूटीएफ-८ च्या नियमात बसत नाहीत त्यांच्या जागी दुसरेच बाइट येतात आणि फाइल कायमची बिघडते.

जावा भाषेत काम करणाऱ्यांस येथे आणखी एक अडचण येते. त्या भाषेतील बाइट ऋण संख्याही धरतो. त्याचे मूल्य -१२८ ते १२७ असते. त्यामुळे 'ठ'चा पहिला बाइट तेथे २२४ असा न दिसता -३२ असा दिसतो, आणि १६४ हा -९२ होतो. अंश तेच असतात, वाचण्याची रीत मात्र निराळी. '२२४ पेक्षा मोठा किंवा समान' अशी तुलना तेथे कधीच खरी ठरत नाही. तुलनेपूर्वी त्या अंकाचे धन रूप करून घेणे आवश्यक असते. जावास्क्रिप्टमध्ये आठ अंशांची चिन्हरहित रांग उपलब्ध असल्याने हा प्रश्न उद्‌भवत नाही.

फाइलचा खरा प्रकार तिच्या नावावरून ओळखू नये. नाव कोणीही बदलू शकतो. फाइलचे पहिले काही बाइट पाहणे हा अधिक विश्वसनीय मार्ग आहे. पीडीएफचा आरंभ ३७-८०-६८-७० या बाइटांनी होतो, पीएनजी चित्राचा १३७-८०-७८-७१ यांनी आणि जेपेग छायाचित्राचा २५५-२१६-२५५ यांनी. वर्डच्या नव्या फाइली वस्तुतः झिप गाठोडी असल्याने ८०-७५-३-४ यांनी सुरू होतात. यूटीएफ-८ मध्ये २५५ हा बाइट कोठेही येऊ शकत नाही, आणि १३७ हा आरंभी येऊ शकत नाही. म्हणून जेपेग व पीएनजी ही चित्रे मराठी मजकुराच्या फाइलीपासून तत्काळ वेगळी ओळखता येतात. तथापि आरंभीचे बाइट बनावट रीतीनेही घालता येतात. ही तपासणी आवश्यक असली तरी सुरक्षिततेस पुरेशी नाही. फाइलच्या आकारास मर्यादा घालणे आणि आलेली फाइल कार्यक्रम म्हणून चालू शकणार नाही अशा जागी ठेवणे, या दोन्ही गोष्टी तिच्या जोडीला हव्यात.

तीन प्रकारची हानी

मराठी मजकुराच्या फाइलीत होणारी हानी तीन प्रकारची असते. कोणती दुरुस्त होते व कोणती होत नाही, हे ती घडते कशी यावर अवलंबून आहे.

पहिला प्रकार चुकीच्या वाचनाचा. यूटीएफ-८ मध्ये लिहिलेली फाइल जर पाश्चात्त्य युरोपीय संकेतानुसार वाचली, तर प्रत्येक बाइटाचे एकेक चिन्ह बनते. २२४ हा तेथे डोक्यावर स्वराघात असलेला रोमन 'ए' होतो, १६४ हा चलनाचे सर्वसाधारण चिन्ह होतो आणि १६५ हा जपानी येनचे चिन्ह होतो. देवनागरी पट्ट्यातील प्रत्येक वर्णाचे पहिले दोन बाइट २२४-१६४ किंवा २२४-१६५ असेच असल्याने, ही दोन जोड्यांची पुनरावृत्ती पडद्यावर दिसली की मूळ मजकूर देवनागरी असला पाहिजे असे निदान करता येते. एवढ्यावरच थांबले तर काहीही गमावलेले नसते. बाइट तेच आहेत, योग्य संकेतानुसार पुन्हा वाचले की शब्द परत येतो. परंतु हे चुकीचे रूपच पुन्हा यूटीएफ-८ मध्ये जतन केले, तर प्रत्येक बाइटाचे दोन होतात. 'ठ'चे तीन बाइट १९५-१६०, १९४-१६४, १९४-१६० असे सहा होतात. उलट क्रमाने दोन पायऱ्या उतरून हेही दुरुस्त करता येते. मात्र 'ठ'च्या बाबतीत एक विशेष धोका आहे. त्याचा तिसरा बाइट १६० हा पाश्चात्त्य संकेतात न तुटणारी मोकळी जागा मानला जातो. अनावश्यक मोकळ्या जागा स्वच्छ करणाऱ्या कार्यक्रमाने तो साध्या जागेत बदलला, की 'ठ' परत येत नाही. ठाण्याच्या नावातील पहिलेच अक्षर असे नाहीसे होऊ शकते.

दुसरा प्रकार अदलाबदलीचा. ज्या संकेतात देवनागरी नाही अशा संकेतात फाइल जतन केली, तर प्रत्येक संकेतबिंदूच्या जागी प्रश्नचिन्ह, म्हणजे ६३ हा बाइट, लिहिला जातो. एक्सेलमधील यादी जुन्या पद्धतीच्या सीएसव्ही प्रकारात जतन करताना हे घडते. 'ठाणे' या नावाची चार प्रश्नचिन्हे होतात. मूळ नावाबद्दल एवढेच कळते की त्यात चार संकेतबिंदू होते. कोणते, हे सांगण्याची सोय राहत नाही. म्हणून अशा यादीतील प्रश्नचिन्हे कार्यक्रमाने मुकाट्याने स्वीकारू नयेत. यादी परत पाठवून मूळ फाइल मागवावी. एक्सेलच्या यूटीएफ-८ सीएसव्ही प्रकारात आरंभी २३९-१८७-१९१ ही त्रयी असते. ती ओळखीची खूण आहे, मजकुराचा भाग नव्हे. ती न ओळखणाऱ्या कार्यक्रमाला पहिल्या स्तंभाचे शीर्षक सापडत नाही, आणि चूक कोठे आहे हे डोळ्यांना दिसतही नाही.

तिसरा प्रकार तोडण्याचा, आणि या परिसराला तो विशेष लागू पडतो. काही माहितीसाठ्यांत रकान्याची मर्यादा बाइटांत मोजली जाते. पत्त्याच्या रकान्यास तीस बाइटांची मर्यादा आहे असे समजू. इंग्रजी पत्त्यास तीस अक्षरे मिळतात व ती बहुधा पुरतात. 'डोंबिवली पूर्व' याचे चोवीस, मधल्या जागेचा एक आणि 'पूर्व'चे पंधरा असे चाळीस बाइट होतात. 'डोंबिवली पश्चिम' याचे त्रेचाळीस होतात. तीस बाइटांवर तोडले असता दोन्हींचे 'डोंबिवली प' एवढेच उरते आणि पुढे दोन बाइट लोंबकळत राहतात. पूर्वेच्या पत्त्यात ते ऊकाराचे २२४-१६५ असतात, पश्चिमेच्या पत्त्यात 'श'चे २२४-१६४. या क्षणापर्यंत दोन पत्त्यांत निदान एका बाइटाचा फरक शिल्लक आहे. परंतु पुढच्या कार्यक्रमाने हे अपुरे बाइट वाचताना त्यांच्या जागी 'अवाच्य' हे चिन्ह घातले, की दोन्ही ठिकाणी २३९-१९१-१८९ हीच त्रयी येते. मग रुळांच्या अलीकडचा रहिवासी आणि पलीकडचा रहिवासी यांचे पत्ते अक्षरशः एक होतात. करपावती किंवा सूचनापत्र कोणत्या बाजूस धाडावयाचे, हे नोंदीवरून ठरविता येत नाही.

तुकड्यांची सीमा

मोठी फाइल एकाच वेळी स्मृतीत न घेता तुकड्यातुकड्यांनी वाचण्याची पद्धत आहे. ८१९२ किंवा ६५५३६ बाइटांचा एकेक तुकडा घेतात. आता ८१९२ ला तीनने पूर्ण भाग जात नाही, दोन उरतात. एकही मोकळी जागा नसलेला निव्वळ देवनागरी मजकूर असेल, तर पहिल्या तुकड्यात २७३० पूर्ण वर्ण व पुढच्या वर्णाचे दोन बाइट येतील. तिसरा बाइट दुसऱ्या तुकड्याच्या आरंभी जाईल. प्रत्यक्ष मजकुरात मोकळ्या जागा व विरामचिन्हे एकेका बाइटाची असल्याने सीमा कधी वर्णाच्या कडेवर तर कधी मध्यावर पडते. कार्यक्रमाने प्रत्येक तुकडा स्वतंत्र मजकूर समजून वाचला, तर मध्यावर तुटलेल्या वर्णाच्या जागी अवाच्य चिन्हे येतात.

ही चूक दीर्घकाळ लपून राहते. इंग्रजी मजकुरावर कार्यक्रमाची परीक्षा घेतली, तर प्रत्येक वर्ण एका बाइटाचा असल्याने तो निर्दोष ठरतो. लहान मराठी फाइलीवर घेतली, तरी ती एकाच तुकड्यात मावत असल्याने तो निर्दोषच ठरतो. शेकडो नावांची मराठी यादी आली म्हणजेच कोठेतरी एखादे नाव फुटते, आणि ते सुद्धा मधल्याच कोणाचे तरी. इतरांच्या नोंदी शुद्ध असल्याने दोष त्या व्यक्तीच्या टंकलेखनाचा समजला जाण्याचा संभव असतो.

उपाय सोपा आहे. तुकड्याच्या शेवटाकडून मागे येत वर्णाचा आरंभ करणारा बाइट शोधावा. तो २२४ ते २३९ यांपैकी असेल व त्याच्यासह तीन बाइट पूर्ण झाले नसतील, तर तेवढे शेष बाइट बाजूस राखून पुढच्या तुकड्याच्या आरंभी जोडावेत. असे शेष कधीही तीनाहून अधिक नसते, कारण यूटीएफ-८ चा दीर्घतम वर्ण चार बाइटांचा आहे. आजच्या बहुतेक भाषांत हे काम करणारी तयार साधने आहेत. प्रवाहरूपाने वाचण्याची सूचना त्यांना दिली की ती शेष स्वतः सांभाळतात. ही सूचना देण्याचे विसरणे, हेच बहुतेक फुटलेल्या नावांचे कारण असते.

समान दिसणारे, असमान असणारे

बाइट शाबूत राहिले म्हणजे सर्व झाले, असेही नाही. मराठीत 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन भिन्न शब्द आहेत. पहिल्यात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. दुसऱ्या शब्दातील 'ऱ्य' दोन प्रकारे लिहिला जातो. एका रीतीत 'ऱ' हा स्वतंत्र संकेतबिंदू वापरतात, तेव्हा संपूर्ण शब्द तीस बाइटांचा होतो. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्तचिन्ह व त्यापुढे २२६-१२८-१४१ हे अदृश्य जोडचिन्ह घालतात, तेव्हा तो तेहतीस बाइटांचा होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोध घेणाऱ्या यंत्रास ते दोन शब्द वाटतात. शिवाय अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून काढून टाकणारा कार्यक्रम दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या आचाऱ्यांचे तत्काळ आचार्य करून टाकतो. 'ॲ'चीही स्थिती अशीच आहे. अ व त्यावरील चंद्र असे दोन संकेतबिंदू पूर्वीपासून वापरात आहेत, आणि २००८ साली युनिकोडने 'ॲ'ला स्वतंत्र स्थान दिले. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनीही ही दोन रूपे एक होत नाहीत. मराठीसाठी काम करणाऱ्या कार्यक्रमाने ती स्वतःच एका रूपात आणावी लागतात.

जुन्या फॉन्टांत टंकलेल्या फाइलींचा प्रश्न याहून निराळा आहे. त्यांत बाइट वर्णाचा नसून आकृतीचा असतो, छापखान्यातील खिळ्यासारखा. 'बि' लिहिताना तेथे वेलांटी आधी व 'ब' नंतर येतो. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम पाळून 'ब' आधी व वेलांटी नंतर येते. म्हणून अशा फाइलींचे रूपांतर करताना अंकाला अंक लावून भागत नाही, क्रमही बदलावा लागतो. कोणत्या फॉन्टात ती लिहिली होती हे फाइलसोबत नोंदविलेले नसेल, तर बाइटांवरून ते निश्चित करणे कठीण जाते.

पालन करावयाचे नियम

वरील विवेचनातून काही नियम निष्पन्न होतात. आलेली फाइल प्रथम बाइट म्हणूनच घ्यावी व तिची मूळ प्रत जशीच्या तशी जपावी. पुढे काहीही बिघडले तरी त्या प्रतीवरून शब्द परत मिळविता येतो. नंतर आरंभीच्या बाइटांवरून तिचा प्रकार ठरवावा. मजकुराची फाइल असल्यास ती यूटीएफ-८ च्या नियमांत पूर्णपणे बसते की नाही, हे शेवटच्या बाइटापर्यंत तपासावे. बसत नसल्यास अवाच्य चिन्ह घालून पुढे न जाता कोणत्या ओळीत बाधा आली ते धाडणाऱ्यास कळवावे. रकान्याची मर्यादा अक्षरांत ठरवावी आणि माहितीसाठ्यातील जागा तिच्या हिशेबाने सैल ठेवावी. तोडणे अपरिहार्य असेल तर पूर्ण अक्षराच्या कडेवर तोडावे. शेवटी, कार्यक्रमाची परीक्षा मराठी मजकुरावर घ्यावी आणि ती फाइल एका तुकड्यात मावणार नाही एवढी मोठी असावी.

यांपैकी एकही नियम फार श्रमाचा किंवा खर्चाचा नाही. इंग्रजीसाठी सिद्ध केलेला कार्यक्रम मराठीला लावताना 'एक अक्षर म्हणजे एक बाइट' हे गृहीत धरले जाते, आणि बहुतेक दोष त्या एका गृहीतातून उत्पन्न होतात. मराठीत अर्ज करण्याचा अधिकार कायद्याने मिळाला आहे. त्या अर्जातील नाव नोंदवहीत पूर्ण उतरले तरच त्या अधिकारास अर्थ राहतो, आणि ते उतरते की नाही हे वर सांगितलेल्या तीन-तीन बाइटांच्या हिशेबावर ठरते.